पावसाचं वाहन

मे महिन्यात आमच्या घरात दोन माणसं आभाळाकडे सारखी बघत असत. एक आबा, म्हणजे माझे आजोबा, आणि दुसरा मी. आबांना पाऊस हवा असे भाताच्या तरव्यासाठी. मला हवा असे शाळेच्या सुट्टीसाठी. १९८५ च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा सातवीत जाणार होतो आणि आमची हिंजवडी अजून भाताच्या खाचरांची, बांधांची आणि बैलगाड्यांची होती.

परीक्षा संपली की पहिले पंधरा दिवस हवेशी काही देणंघेणं नसे. विहिरीत डुंबायचं, करवंदं हुडकत माळ तुडवायचा. चैत्री पुनवेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं, ते बघून आलेली पोरं महिनाभर 'बगाड बगाड' खेळत. पण राब भाजून झाले, रोहिण्या लागल्या की खुंटीवरचं पंचांग खाली उतरे आणि आमचा खरा खेळ सुरू होई.

पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. म्हैस, बेडूक, हत्ती आले तर पाणीच पाणी. मोर, गाढव, उंदीर आले तर बेताचा. कोल्हा नि मेंढा म्हणजे हात आखडता. घोडा आला तर पाऊस डोंगराकडे पळणार. आबा चष्मा सावरून वाचत आणि म्हणत, "मिरगाला कोल्हा हाय. आवंदा दमानं घ्या."

मला मात्र वेगळेच प्रश्न पडत. पाऊस गाढवावर बसून येत असेल तर वाटेत चरायला थांबत असेल का? म्हैस डबक्यात बसली की उठत नाही, मग आठ दिवस सुट्टीच की! आणि एवढा मोठा पाऊस उंदरावर मावतो कसा?

"गणपती मावतो न्हवं?" आजी म्हणाली. प्रश्न मिटला.

वाहन काढायची रीत आबांनी मला शिकवली. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं. बाकी उरेल ते वाहन. एक उरला घोडा, तीन उरले बेडूक, सात उरले म्हैस. शाळेत बाकी शून्य आली की गुरुजी 'निःशेष भाग गेला' म्हणत. आमच्या घरी शून्य आलं की हत्ती येई.

चुलते पिंपरीला कंपनीत होते. ते आबांना चिडवत, "हवा आता पुण्यात शिमला ऑफिसात मोजत्यात." हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजूनही शिमला ऑफिसच म्हणतात. मला वाटे, तिथं शिमल्याची थंडी पेट्यांत भरून ठेवली असणार. पंधरा पैशांचं कार्ड घेऊन मी अर्ज लिहायला घेतला : 'शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी दहाला पाऊस पाडावा, ही विनंती.' आबांनी त्याच कार्डावर मागं बियाण्याचा हिशेब मांडला, म्हणून ते गेलं नाही.

पाऊस नुसता पडून भागत नसे. गुरुजी वाकडकडून सायकलवर येत आणि मध्ये ओढा होता. ओढ्याकाठी उंबर होता, त्याच्या मुळाशी एक पांढरा दगड. ते आमचं माप. पाणी गुडघाभर, तर शाळा. दगड बुडला म्हणजे मांडीभर, तर गुरुजी उशिरा, अर्धा दिवस. उंबराच्या ढोलीला लागलं म्हणजे कंबरभर, मग सुट्टी. रोज सकाळी पाणी बघता बघता ते कुठून येतं, कोणत्या खाचरातून उतरतं, कुठं वळतं आणि मुळेला कसं मिळतं, हे आम्हा पोरांना पाठ झालं होतं. कागदी होड्या त्याच वाटेनं जात, चढणीचे मासे त्याच वाटेनं येत.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. मखमली किडा दिसला नाही. वाफ्यातला तरवा पिवळा पडू लागला. आई आणि चुलती विहिरीवरून हंडे आणून रोपं जगवत. शाळा उघडली, पण आम्ही ओढ्याकडे फिरकलो नाही. घरात वाहनाचं नाव कोणी काढेना. आर्द्रा लागल्या आणि एका रात्री तो आला. आबा उठून अंगणात नुसते भिजत उभे राहिले. दिवस उजाडताच मला म्हणाले, "जा, पानी बघून ये."

मी धावत गेलो, धावत आलो. "दगड बुडाला, आबा!"

"मग तरवा वाचला," ते म्हणाले आणि मटकन ओट्यावर बसले. माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी आणि घराचं वर्षभराचं भात एकाच दगडावर मोजलं जात होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढं साखर कारखान्यासाठी घेतलेल्या जागेवर आयटी पार्क आला आणि कारखाना कासारसाई-दारुंब्रेला गेला. खाचरं गेली, उंबर गेला. गावात पैसा आला, पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२५ च्या जूनमध्ये एका पावसात आयटी पार्कातल्या रस्त्यांचेच ओढे झाले. लोक म्हणाले, पाणी रस्त्यावर आलं. मी मात्र गाडीतून उतरून बघत राहिलो. ओढे अरुंद झाले, काही बुजले. उतार मात्र आहे तिथंच आहे, आणि पाणी उताराची वाट सोडत नाही.

धाकट्या भावाचा मुलगा आता सातवीत आहे. पावसाळ्यात तो सकाळीच विचारतो, "काका, रेड आला का ऑरेंज?" २५ जुलै २०२४ ला अतिवृष्टीमुळं शाळांना सुट्टी मिळाली, तो दिवस त्याला सणासारखा पाठ आहे. ऑरेंजला तो म्हैस म्हणतो आणि रेडला हत्ती. वाहनं मीच शिकवलीत. परवा पाऊस थांबल्यावर त्याला घेऊन निघालो. वहीवर त्यानं नकाशा काढायला घेतला : पाणी कुठून येतं, कोणत्या भिंतीला अडतं, कुठं तुंबतं. आमच्या फाटकाच्या खांबावर त्यानं खडूनं तीन रेघा मारल्यात. खालच्या रेघेला शाळा, मधल्या रेघेला अर्धा दिवस. वरच्या रेघेपुढं काय लिहायचं, असं त्यानं विचारलं.

"सुट्टी लिही," मी म्हणालो, "आणि खाली लिही, आजीला माडीवर न्यायचं."