माळ्यावरची कॅसेट

आमच्याकडे पाहुणे येणार असले की आई मला दोन कामं हमखास सांगते. एक, दारातल्या चपला नीट लाव. दोन, तुझ्या त्या कपाटाचं दार लोटून घे.

त्या कपाटात माझ्या ४३ डिस्क आहेत. जुन्या हॉलिवूड चित्रपटांच्या, आणि त्यातही निवडून घेतलेल्या. ज्यांची मूळ फिल्म शोधून, साफ करून, ओरखडे काढून नव्याने प्रत तयार केली आहे, अशाच. बडोद्यातल्या दांडिया बाजारात २६ वर्षांच्या मुलीच्या खोलीत असं कपाट म्हणजे जरा अजबच. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही, "अगं, मोबाइलवर सगळं मिळतं ना? मग हे कशाला?"

तेव्हा मी नुसती हसले. खरं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं, आणि तेही आईचं बोलणं खाऊन.

एक धुरकट राजकन्या

मी कंटेंट रायटर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेबसाइटसाठी प्रेशर कुकर, गुडघेदुखी आणि टूर पॅकेज यांवर लिहिते. बी.ए.ला इंग्रजी होतं. दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणीच्या लॅपटॉपवर 'रोमन हॉलिडे' पाहिला. १९५३चा चित्रपट, ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक. कुठून तरी उतरवून घेतलेली कॉपी होती. चित्र इतकं धुरकट की राजकन्येला डोळे आहेत एवढंच कळायचं. तरीही आवडला.

नोकरी लागल्यावर एक जुना ब्लू-रे प्लेअर घेतला आणि त्याच चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत मागवली. पाहताना मी जागची हलले नाही. रोमच्या रस्त्यावरचे दगड मोजता येत होते. शेवटच्या पत्रकार परिषदेत ती हसते, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असतं. धुरकट कॉपीत ते मला दिसलंच नव्हतं. म्हणजे मी चित्रपट पाहिला होता, पण त्याचा शेवट पाहिला नव्हता!

या चित्रपटाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्याची कथा डाल्टन ट्रंबोची. पण त्या काळात कम्युनिस्ट असल्याच्या कारणावरून हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं होतं, म्हणून पडद्यावर नाव लागलं त्याच्या एका मित्राचं. कथेचं ऑस्करही त्या मित्राच्याच नावावर गेलं. ट्रंबो १९७६ मध्ये वारला. १९९३ मध्ये ऑस्कर त्याच्या पत्नीच्या हाती दिलं गेलं. पुढे डीव्हीडीसाठी चित्रपट दुरुस्त झाला, तेव्हा श्रेयनामावलीत त्याचं नावही आलं. नुसते ओरखडेच पुसले नाहीत, तर पुसलेलं नावही परत लिहिलं.

दुरुस्ती म्हणजे नक्की काय?

फिल्मवर एका सेकंदाला २४ चित्रं असतात. ११८ मिनिटांचा 'रोमन हॉलिडे' म्हणजे जवळजवळ १ लाख ७० हजार चित्रं. दुरुस्ती करणारे लोक मूळ निगेटिव्ह किंवा त्यातल्या त्यात जुनी प्रत शोधतात, एकेक चित्र स्कॅन करतात आणि डाग, चिरा, थरथर काढत जातात.

रंगीत चित्रपटाचं काम आणखी किचकट. १९३९च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'चंच बघा. टेक्निकलरच्या त्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल फिल्म फिरायच्या, प्रत्येकीवर एकेका रंगाची नोंद. वर्षं सरतात तशा त्या तिन्ही कमी-जास्त आकसतात आणि रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. जुन्या कॅलेंडरवर देवीच्या ओठांचा लाल रंग ओठांच्या बाहेर गेलेला तुम्ही पाहिला असेल, अगदी तसं. आता संगणकावर तिन्ही चित्रं पुन्हा जुळवली जातात आणि डोरोथीचे लाल बूट परत लखलखतात.

माझ्या छंदात फजितीही झाली. डिस्कना देशांप्रमाणे विभाग ठरवून दिलेले असतात. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, भारत 'सी' विभागात. हे माहीत नसताना मी २,२०० रुपये मोजून एक अमेरिकन डिस्क मागवली. प्लेअरने ती घेतली आणि नम्रपणे परत बाहेर काढली. आई म्हणाली, "बावीसशे रुपयांचा आरसा झाला. भांग पाडायला ठेव." आता डिस्क घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचते. फोर-के डिस्कना मात्र हे विभागांचं बंधन नसतं.

आई माझ्या छंदावर सारखी चिडते असं नाही. १९३४चा 'इट हॅपन्ड वन नाइट' लावला, तेव्हा पोळ्या लाटता लाटता ती दारात येऊन उभी राहिली. "अगं, हा तर 'चोरी चोरी'!" आणि दहा मिनिटांनी, "नाही गं, हा 'दिल है के मानता नहीं'!" दोन्ही बरोबर होतं. दोघांचं मूळ तेच. शेवटपर्यंत बसून पाहिला तिने. पोळ्या बाबांनी भाजल्या.

बुरशी

गेल्या वर्षी जुलैमध्ये माळ्यावर पाणी गळू लागलं. सगळं सामान खाली काढताना एक खोकं निघालं. त्यात बाबांची जुनी बिलं, माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक आणि एक व्हीएचएस कॅसेट. वर निळ्या शाईत आई-बाबांची नावं आणि 'डिसेंबर १९९६'. त्यांच्या लग्नाची. कॅसेटच्या छोट्या काचेतून पाहिलं, तर काळ्या फितीच्या कडेवर पांढरे ठिपके, कापूस चिकटावा तसे. बुरशी.

आई खुर्चीवर बसली. "माझी आई आहे यात," एवढंच म्हणाली.

माझी आजी, म्हणजे आईची आई, १९९८ मध्ये गेली, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. तिचे मोजून चार फोटो आहेत, चारही ताठ उभे राहून काढलेले. हलणारी, चालणारी, हसणारी आजी फक्त या कॅसेटमध्ये होती.

"हे खोकं माळ्यावर कोणी टाकलं?" आईने विचारलं.

मी. दोन वर्षांपूर्वी, माझ्या डिस्कसाठी कपाट रिकामं करताना मीच ते वर टाकलं होतं. तोपर्यंत ती कॅसेट त्याच कपाटात होती, कोरड्या जागी.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "परक्या देशातल्या माणसांना धुऊनपुसून कपाटात ठेवतेस. माझ्या आईला पावसात ठेवलंस."

त्या रात्री मी कपाट उघडलं नाही.

डिस्कनी शिकवलेलं

दुसऱ्या दिवशी बाबा कुणाकडून तरी व्हीसीआर आणायला निघाले होते. मी अडवलं. बुरशी लागलेली फीत तशीच चालवली, तर मशीनचे हेड खराब होतात, फीत तुटू शकते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटनाही लागते. आधी ती उघडून कोरडी, साफ करावी लागते. जुन्या फिल्मबद्दल वाचता वाचता एवढं कळलं होतं.

अहमदाबादमध्ये कॅसेट साफ करून डिजिटल फाइल करून देणारं एक दुकान सापडलं. तीन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह आला. मंगलाष्टकं होती, पंगत होती, बाबांचे मित्र आणि त्यांच्या मिशा होत्या. पण शेवटची साधारण ४० मिनिटं म्हणजे नुसत्या आडव्या पांढऱ्या रेघा. पाठवणी त्यातच गेली होती. आजी त्याआधी दोनदा दिसली, दोन्ही वेळा पाठमोरी.

तेव्हा मला 'सिंगिंग इन द रेन' आठवला. १९५२च्या या चित्रपटाचं मूळ निगेटिव्ह न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे जॉर्ज ईस्टमन हाउसच्या साठ्यात होतं. १९७८ मध्ये तिथे आग लागली आणि ते गेलं. तरी आज माझ्या कपाटातली प्रत झगझगीत आहे, कारण दुसरीकडे जपलेल्या प्रतींवरून ती तयार झाली. मूळ गेलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. पहिला प्रश्न विचारायचा असतो, दुसरी प्रत कोणाकडे आहे?

मी नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. आत्या, काका, आईची मावसबहीण. सातवा फोन इंदूरच्या मामाचा. "अगं, आहे की! ताईच्या लग्नाची मी तेव्हाच कॉपी करून घेतली होती. आईच्या साडीच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांत."

दिवाळीत मामा कॅसेट घेऊन आला. मांडीवर घेऊन बसला होता म्हणे गाडीत, बाळासारखी.

ही माझी आई नाही

मामाची प्रत म्हणजे कॉपीची कॉपी. रंग उडालेले, कडा पुसट. पण बुरशी नव्हती आणि पाठवणी पूर्ण होती. दुकानदाराने फाइल दिली आणि हौसेने दुसरीही दिली, "एआयने चेहरे एकदम क्लिअर केलेत, मॅडम."

आधी तीच लावली. आजीचा चेहरा खरंच स्वच्छ होता. गाल गुळगुळीत, डोळे मोठे, दात एकसारखे. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही माझी आई नाही. आईचा एक दात वाकडा होता. आणि गालावर देवीचे व्रण होते."

मशीनने ते डाग समजून पुसले होते.

जुने चित्रपट जमवणाऱ्यांमध्ये हा वाद नेहमीचा आहे. फिल्मला स्वतःचे बारीक दाणे असतात, चित्र त्याच दाण्यांचं बनलेलं असतं. स्वच्छतेच्या नादात तेही घासून काढले, तर माणसं मेणाची दिसतात. अशा डिस्कना आम्ही नावं ठेवतो. चांगली दुरुस्ती म्हणजे मागाहून पडलेला डाग काढायचा, मुळात असलेला नाही. मी हे कितीदा वाचलं होतं. कळलं आईच्या त्या एका वाक्याने.

ती फाइल मी आईसमोर पुसली. मग मामाची फिकट, धूसर फाइल लावली.

आजी आली. आईच्या पदराची निरी सारखी केली, तिच्या कानाशी वाकली, काहीतरी बोलली आणि हसली. वाकडा दात दिसला. मग स्वतःच्याच पदराने पटकन डोळे टिपले. जेमतेम १० सेकंद. मामा उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"आठवत नाही गं," आई म्हणाली. "एवढी रडत होते, ऐकलंच नाही."

आवाज नव्हताच. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे व्हिडिओवाल्याने पूर्ण पाठवणीवर सनईची रेकॉर्ड चढवली होती.

जुडी गार्लंडचा १९५४चा 'अ स्टार इज बॉर्न' प्रदर्शनानंतर स्टुडिओने कापून लहान केला होता. १९८३ मध्ये तो पुन्हा जोडला, तेव्हा पूर्ण आवाज सापडला, पण काही प्रसंगांची चित्रं कुठेच मिळाली नाहीत. तिथे आवाजावर स्थिर छायाचित्रं लावली आहेत. आमच्याकडे उलटं आहे. चित्र आहे, आवाज नाही. तो कुठल्याही प्रतीत मिळणार नाही, आणि यंत्राकडून कोणाचा तरी आवाज त्यावर चढवायचाही नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं आहे.

तुमच्याही घरी असेल

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत अशी एखादी कॅसेट असेल. आजच काढा. कोरड्या कपाटात पुस्तकासारखी उभी ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर घाईने चालवू नका. मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. आणि फार वाट पाहू नका, व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये काम थांबवलं. फाइल झाली की प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून कोण कोण दिसतं त्यांची नावं लिहून घ्या. कॅसेट दुरुस्त होईल, पण ही नावं सांगणारं माणूस उद्या असेलच असं नाही.

माझ्या कपाटात आता ४३ डिस्क आणि दोन कॅसेट आहेत, 'रोमन हॉलिडे'च्या शेजारी. बुरशीची कॅसेटही टाकलेली नाही, साफ करून वेगळ्या डबीत ठेवली आहे. न जाणो, उद्या त्या रेघांमधूनही कोणी काही काढू शकेल.

पाहुणे येणार असले की आई अजूनही कपाटाचं दार लोटायला सांगते. फक्त आता म्हणते, "धूळ जाईल गं आत."