रजेचे दिवस

रायपूरला लागून असलेल्या उरला या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या कारखान्यांचा धूर अंगावर घेत जे पहारेकरी फाटकांवर उभे असतात, त्यांत निवृत्त जवान पुष्कळ. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जवानाला निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यामुळे चाळिशीच्या आतबाहेरच तो घरी परततो. तेव्हा त्याची मुले शाळेत असतात. वडील रोज संध्याकाळी घरी येतात, हा अनुभव त्यांना प्रथमच मिळतो. बहुतेक घरांत हा सुखाचा काळ असतो. काही घरांत नसतो. आणि त्या घरांविषयी बोलण्याची आपल्याकडे रीत नाही.

इथेच वाढलेला, मूळचा सातारकर असा एक तरुण मला म्हणाला, "बाकीची मुलं वडिलांची रजा कधी सुरू होते म्हणून दिवस मोजायची; मी ती कधी संपते म्हणून मोजायचो." वडील निवृत्त झाले आणि मोजण्याजोगे काही राहिले नाही. मार बसे तो आईला. त्याच्या वाट्याला आले ते ऐकणे : दाराची कडी, पायरीवरचे पाऊल, आवाजाची चढती पट्टी. अशी मुले घरातले हवामान ओळखण्यात तरबेज होतात. ती मित्राला घरी बोलावीत नाहीत, मोठ्याने हसत नाहीत, झोपेतही सावध असतात. शेजारी मात्र कौतुकाने म्हणतात, फौजीचा मुलगा, किती शिस्तीचा! भीतीला शिस्त हे नाव एकदा मिळाले, की तिच्यावर उपाय करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

साताऱ्याकडे फौजेची नोकरी हे घराण्याचे भूषण. तिकडच्या एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. अशा अभिमानाच्या छायेत वाढलेल्या मुलाला वडिलांविरुद्ध बोलणे म्हणजे साऱ्या कुळाचा मान उतरवणे वाटते. शिवाय पगार, राहते क्वार्टर, पुढचे निवृत्तिवेतन, सारे एकाच माणसाच्या नोकरीवर अवलंबून. आई मुलांसाठी गप्प राहते, मुले आईसाठी.

१९५० च्या सेना अधिनियमात पत्नीच्या व मुलांच्या निर्वाहासाठी जवानाच्या पगारातून रक्कम कापून देण्याची तरतूद आहे. कायद्याला त्यांची भूक तेव्हाच दिसली होती. घरातली भीती दिसायला मात्र २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा यावा लागला. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. अपमान आणि धमकी यांनाही त्याने हिंसा म्हटले, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याची सोय केली. तरी त्यात पीडित म्हणून उभी राहते ती स्त्री. भिंतीपलीकडून ऐकणारे मूल तिच्या पदराआडच असते.

सैनिकाच्या मनावरचे ताण खोटे नाहीत. सीमेवरच्या रात्री त्याच्याबरोबर घरी येतात, आणि त्यांची विचारपूस करणारे फारसे कोणी नसते. त्याच्या दुःखाची दखल अवश्य घ्यावी. पण त्या दुःखाची किंमत आठ वर्षांच्या मुलाकडून वसूल होऊ नये. वर्गात मान खाली घालून बसणारे, कधीच तक्रार न करणारे मूल शिक्षकांना आवडते. त्याची पाठ थोपटण्यापूर्वी त्याच्याशेजारी क्षणभर बसावे, आणि ते घरी जायला का रेंगाळते, हे हळुवारपणे विचारावे.