माशांच्या टाकीखालचे लाकूड

जीवांना काचेत कोंडणे मला रुचत नाही. परंतु नातवाकडे आलेल्या माशांना निराधार कसे सोडावे? दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितक्याच उंच टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचाच भार ५७ किलो. पार्टिकल बोर्ड ओलाव्याने फुगतो, मग टाकी खचते. साधा प्लायवुड दमट हवेपुरताच. किंमत अधिक असली तरी ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा मरीन प्लायवुडच घ्यावा. ओल मुरली की बुरशी, वाळवी, पाठोपाठ फवारणी. आपल्या घरात ते नकोच. पाणी मुख्यतः कापलेल्या कडांतून शिरते आणि सुतार नेमक्या त्याच उघड्या सोडतात! मी जोडणीपूर्वीच कडांना पॉलियुरेथेनचे दोन हात देववले.