हरसूलची फळी

नाशकात आमच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, एक शिडाची होडी आहे. हे सांगितले की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग आमच्या सौभाग्यवतींकडे सहानुभूतीने पाहतो. होडी माझी नव्हे, माझ्या थोरल्या भावाची, दादाची. मुंबईची नोकरी संपवून दादा नाशकास राहावयास आला तो होडी ट्रकवर घालूनच. "आता काय रामकुंडात शीड लावणार?" म्हणून साऱ्या गल्लीने त्याची थट्टा केली. दादा नुसता हसे आणि रविवारी होडीला रंग देत बसे.

अशा होडीच्या तळाला मधोमध एक लांबट फट असते. त्या फटीवर उभी लाकडी पेटी बसवलेली असते आणि पेटीत एका आसावर फिरणारी फळी. दोरी सैल केली की फळी पाण्यात उतरते. वारा बाजूने आला म्हणजे होडी खेकड्यासारखी आडवी सरकू पाहते, तिला ही फळी थोपवते. उथळ पाणी लागले की ती वर ओढून घ्यायची. इंग्रजीत तिला सेंटरबोर्ड म्हणतात. दादा मात्र नुसते 'फळी' म्हणे. ही फळी आणण्यासाठी मी भाद्रपदात हरसूलला निघालो होतो.

समुद्राची वस्तू डोंगरात कशी, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आमचे सुतारमिस्त्री हरसूलचे. वर्षातले आठ महिने ते नाशकात लोकांची कपाटे करतात आणि पावसाळ्यात भाताकरता गावी जातात. जाताना फळी आणि पेटी दोन्ही बरोबर घेऊन गेले होते.

गिरणारे मागे पडले की द्राक्षांचे मांडव विरळ होतात आणि वाघेऱ्याचा घाट लागतो. भाद्रपदातला तो घाट पाहावा! उतारावर नागली, वरई. खाचरांत निसवू लागलेला भात. मधूनच खुरासणीच्या फुलांचा पिवळा तुकडा. आमच्या नाशकाचे पाणी गोदावरीबरोबर अर्धा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. घाट उतरून हरसूलकडे आले की पाणी दमणगंगेची वाट धरते आणि दमणपाशी अरबी समुद्राला मिळते. त्या हिशेबाने दादाची फळी चुकीच्या गावी गेलेली नव्हती.

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे गाव. आसपास कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे. मिस्त्रींचे घर बाजारापासून थोडे आत. ओसरीवर फळी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्या बरोबर वर, खुंटीला, एक बोहाड्याचा मुखवटा टांगलेला होता.

"सर, फळी झाली. पेटीचं मात्र तुम्ही सांगा," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा तेच लावायचं का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. 'तेच' मी आणले होते.

दादाच्या शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पेटी गळत होती. दादाने कागदावर एका पदार्थाचे नाव लिहून दिले : पॉलिसल्फाइड. दुकानात ते नव्हते. दुकानदार म्हणाला, "याहून सरस देतो, पॉलियुरेथेन. जन्मात सुटणार नाही." मराठीच्या प्राध्यापकाला 'सरस' या शब्दाने गंडवावे, यासारखी नामुष्की नाही. एक सरस म्हणजे सुताराचा, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. दुसरा सरस म्हणजे अधिक चांगला. मी दुसरा अर्थ घेतला. दादाचे हात तेव्हा थरथरत. तो खुर्चीवर बसून सांगत होता आणि मी नळी पिळत होतो. "मी लिहिलेलंच आणलंस ना?" त्याने विचारले. मी "हो" म्हणालो. उन्हात पुन्हा कोण जाणार!

दिवाळीआधी दादा गेला. दोन वर्षांनी पुतण्या होडी अलिबागेस न्यायला आला तेव्हा फळी फुगून पेटीत घट्ट अडकली होती. पेटी उघडल्यावाचून फळी निघेना आणि पेटी सुटेना. शेवटी मिस्त्रींनी करवत घातली. पेटी निघाली ती तळाच्या प्लायवुडचे पापुद्रे ओढूनच. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मिस्त्रींना मी हे सारे सांगितले. "हो" म्हणालो होतो, तेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फळी माझ्या हातात दिली. सागाच्या पट्ट्या, रेषा आलटून-पालटून ठेवून एपॉक्सीने जोडलेल्या. साग तेलकट, म्हणून चिकटवण्याच्या आधी प्रत्येक पट्टी ॲसिटोनने पुसून घेतली होती. "हिचा जोड कधीच सुटाय नको," ते म्हणाले. "पेटीची गोष्ट निराळी. ती कधीतरी उघडावी लागणारच."

मग बराच वेळ आम्ही चिकटपणाविषयी बोललो. सुताराचा साधा पांढरा डिंक सतत पाण्यात राहिला तर मऊ पडतो. सिलिकोन पाणी अडवते, पण त्याचा अंश लाकडावर राहतो आणि त्यावर पुढे ना रंग धरत ना दुसरा डिंक. एपॉक्सीत दोन भागांचे प्रमाण तंतोतंत लागते. लवकर वाळावे म्हणून दुसरा भाग जास्त घातला तर ते धड वाळतच नाही. दादाच्या कागदावरचे पॉलिसल्फाइड रबरासारखे लवचिक राहते, लाकूड फुगले-आकसले तरी पाणी आत येऊ देत नाही, आणि वेळ आली तर पातळ सुरीने कापून काढता येते. आसाला तर डिंक लावायचाच नाही.

मी त्यांना कौंडिण्य जहाजाची हकीकत सांगितली. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेले, २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेले. त्याच्या फळ्यांना खिळे नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवून फटी नारळाच्या धाग्यांनी आणि राळेने भरल्या आहेत.

मिस्त्रींनी क्षणभर विचार केला. "म्हणजे उसवून पुन्हा शिवता येत असंल."

मी वर मुखवट्याकडे पाहिले. कानापाशी सांधल्याची खूण होती. "चिंचोक्याची खळ," ते म्हणाले. "नाचताना दरवर्षी कुठंतरी मोडतं. ओलं करायचं, सोडवायचं, पुन्हा लावायचं."

"पण पावसात?"

"पावसात कोण नाचवतो, सर? बोहाडा उन्हाळ्यात."

पेटी दसऱ्यानंतर, लाकूड नीट सुकल्यावर बसवायची असे ठरले. दादाचा कागद माझ्या पाकिटात होता. मी तो काढून दाखवला. मिस्त्रींनी एकेक अक्षर जुळवून नाव वाचले आणि घडी घालून परत दिला. "हेच आणा. नाही मिळालं तर थांबा."

परतीच्या एसटीत फळी मांडीवर आडवी घेऊन बसलो. कंडक्टरने ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"काय आहे?"

"होडीची फळी."

"होडी कुठाय?"

"घरी. अंगणात."

त्याने फळीचे वेगळे तिकीट फाडले नाही. शेजारच्या बाईंनी मात्र आपली भाजीची पाटी पायाशी ओढून घेतली आणि घाट संपेपर्यंत फळीचे दुसरे टोक हाताने धरून ठेवले.