हटून बसलेली खिडकी

मुलांनो, उन्हाळ्यात करंगळीने लोटली तरी लागणारी आमच्या वर्गाची खिडकी आषाढ आला की हटून बसते. दोन बोटं उघडीच! गेल्या पावसाळ्यात तिथे बसणाऱ्या मुलाची वही रोज भिजायची. मी त्याला दोनदा रागावलेसुद्धा. तो गप्प. तिसऱ्या दिवशी पाहते तर काय, शेजारच्या मुलीची वही कोरडी राहावी म्हणून स्वारी स्वतःच फटीकडे सरकून बसलेली! मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मधल्या सुट्टीत सुतारकाकांना बोलावलं. मला वाटलं, रंधा मारतील.

"आत्ता रंधा मारला, तर मार्गशीर्षात फट पडेल, बाई."

लाकूड दमट हवेतलं पाणी शोषून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. हवा कोरडी झाली की पुन्हा आकसतं. काकांनी माझ्याच हातातला खडू मागितला, झडपेच्या कडेला फासला आणि झडप दाबून लोटली. चौकटीवर पांढरा डाग उठला तिथेच ती अडत होती! तेवढ्याच जागी त्यांनी मेणबत्ती घासली. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू नुसताच फिरत होता, म्हणून झडप झुकलेली. भोकात काडेपेटीच्या दोन काड्या ठोकल्या (गूल आधी मोडायचं बरं का!) आणि स्क्रू पिळला. घट्ट!

त्या मुलाने खिडकी चार वेळा उघडली, चार वेळा लावली. मी म्हटलं, "चुकलं रे माझं." तो नुसताच हसला. वही मात्र ओलीच होती. ती मी माझ्या टेबलावर पानं उलगडून ठेवली.