शिखराविना देऊळ

जगातील प्रेक्षणीय वास्तूंच्या याद्या चाळल्या, तर त्यांत पूर्णत्वाचा मोठा मान दिसतो. भग्न वास्तूंनाही तेथे स्थान असते. मात्र त्या एके काळी पूर्ण होत्या, हे गृहीत असते. जी वास्तू पुरी झालीच नाही असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तिच्यात पाहण्यासारखे काय असते, हा प्रश्न मला भिलाईच्या वास्तव्यात पडला.

भिलाईची ओळख पोलादाची. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या उद्योगनगरीच्या पूर्वेस, चरोद्याच्या रेल्वेमार्गानजीक, देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवर हत्तींचे थर आणि शिकारीचे प्रसंग कोरलेले; गाभारा मंडपाहून खाली, काही पायऱ्या उतरून जावे असा; शेजारी कुंड. शिखर मात्र नाही.

त्याचे कारण गावकरी सांगतात ते असे. सहा महिन्यांची एकच रात्र झाली होती आणि शिल्पी कामात इतका गढला होता, की अंगावर वस्त्र नाही याचेही त्याला भान उरले नव्हते. रोज पत्नी जेवण आणी. एके दिवशी बहीण आली. तिला पाहताच शिल्पी भानावर आला आणि लज्जेने त्याने वरून कुंडात उडी घेतली. बहिणीने जवळच्या तळ्यात देह टाकला. तिच्या डोक्यावर पाण्याचा कलश होता, म्हणून ते ‘करसा’ तलाव. कुंडातून भुयार आहे, शिल्पी त्यातून थेट आरंगला निघाला आणि तेथे दगड झाला, असेही सांगतात.

सहा महिन्यांची रात्र छत्तीसगढात अन्यत्रही भेटते. जांजगीरच्या अपूर्ण विष्णुमंदिराची शिवरीनारायणच्या मंदिराशी म्हणे स्पर्धा लागली होती. ती ते हरले. त्याला लोक ‘नकटा मंदिर’ म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे अंबरनाथचे शिलाहारकालीन देऊळ आहे. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. तेथेही गाभारा खोल, शिखर अपुरे आणि भोवती कारखान्यांची वस्ती. पांडवांनी ते एका रात्रीत बांधावयास घेतले, पण तत्पूर्वीच उजाडले, अशी आख्यायिका आहे.

जर्मनीतील कोलोन येथील कॅथीड्रलचे काम १२४८ मध्ये सुरू झाले, सोळाव्या शतकात थांबले आणि १८८० मध्ये पुरे झाले. मधल्या काळात लोकांनी त्याचीही कथा रचली. प्रमुख स्थपतीने सैतानाशी पैज घेतली, ती हरला आणि मनोऱ्यावरून उडी टाकून मेला. ग्रिम बंधूंनी ती आपल्या जर्मन आख्यायिकांच्या संग्रहात घेतली.

काम थांबण्याची इतिहासाला ठाऊक असलेली कारणे रुक्ष असतात: रिकामा खजिना, युद्ध, राजवंशाचा अस्त. कित्येकदा शिखर बांधलेलेही असते आणि नंतर कोसळते. लोककथा या कारणांकडे वळत नाही. जांजगीर व अंबरनाथ येथे ती वेळेला जबाबदार धरते. कोलोन आणि देवबलोदा येथे मात्र ती कारागिराकडे पाहते, आणि दोहोंत उडी समान असली तरी न्याय निराळा आहे. कोलोनचा स्थपती गर्वाने गेला. देवबलोद्याच्या शिल्प्याच्या पदरी गर्व नाही. आहे ती कामातली तल्लीनता आणि भानावर आल्यावरची लाज. बहिणीचा तर काहीच अपराध नाही, तरी प्राण तिचाही जातो. कथा या अन्यायाचे समर्थन करीत नाही. ती तळ्याला तिच्या घागरीचे नाव देऊन थांबते. शिलालेखांत राजांची नावे राहतात. येथे नावे दोघांचीही गेली, पण एकाचे काम आणि दुसरीचा कलश राहिला.

देवबलोद्याचे मंदिर संरक्षित स्मारक आहे, म्हणजे दगडाला कायद्याचे छत्र आहे. कोलोनच्या कथेला ग्रिम भेटले. देवबलोद्याची कथा मुख्यतः तोंडीच चालत आली आहे, आणि तिला सांगणाऱ्यावाचून अन्य आधार नाही. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने या संहितेकडे स्मारकाइतक्याच आस्थेने पाहावयास हवे. तेथे गेल्यावर मंदिर पाहून परतू नये. तळ्यापर्यंत चालत जावे आणि कोणा गावकऱ्याला त्या नावाचे कारण विचारावे.