कोणता घोडा? शिरोड्याची मनीऑर्डर आणि महालक्ष्मीची शर्यत

१/
शर्यतीच्या दिवशी मुंबईतील महालक्ष्मीच्या मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: कोणता घोडा? वरकरणी हा प्रश्न जनावराच्या पायांतील बळाचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना इतिहास, गणित आणि कायदा या तिन्हींची दारे ठोठवावी लागतात, आणि शेवटी सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या एका चुलीपाशी येऊन थांबावे लागते.

२/
ती चूल शिरोड्याची. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, गोव्याच्या वेशीजवळ वसलेले हे गाव. आज सिंधुदुर्गात असले तरी १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात येथे शिक्षकी केली. मे १९३० मध्ये येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. या मिठागरांकडे शेवटी परत यायचे आहे.

३/
कोकणातील असंख्य घरांप्रमाणे शिरोड्याची घरेही मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत. वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोट पकडायची, मुंबईत उतरून गिरणगाव गाठायचे, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायची आणि खाणावळीत जेवायचे, हा चाकरमान्याचा क्रम ठरलेला. १९६० च्या दशकातील असाच एक चाकरमानी येथे डोळ्यांसमोर धरू. तो एकटा नव्हता, म्हणून त्याला नाव नको.

४/
परळ-लालबागच्या चाळींपासून महालक्ष्मीचे मैदान दूर नाही. १८८३ मध्ये उभारलेल्या या मैदानावर हिवाळ्यात शर्यतींचा हंगाम भरतो, पावसाळ्यात तो पुण्याला जातो. १९४३ पासून धावणारी इंडियन डर्बी ही येथील सर्वांत मानाची शर्यत. संस्थानिक आणि गिरणीमालक एका बाजूला, गिरणी कामगार दुसऱ्या बाजूला. आवारे वेगळी, तिकिटे वेगळी. प्रश्न मात्र तोच.

५/
उत्तर शोधण्याच्या रीतीही ठरलेल्या होत्या. घोड्याने मागील शर्यतींत काय केले? अंतर त्याला मानवते का? जॉकी कोण, ट्रेनर कोण, जमीन टणक की ओली? पाठीवर वजन किती? हॅंडीकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादतात, म्हणजे सगळे एका पातळीवर यावेत. आमचा चाकरमानी रेसबुकात पेन्सिलीने खुणा करी. तो आंधळेपणाने खेळणारा नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

६/
पण जाणकारी किती दूर नेते? याचे उत्तर एका मराठी राजघराण्याच्या खरेदीत आहे. १९४५ मध्ये बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतले. त्याचा सख्खा भाऊ डांटे याने त्याच वर्षी तेथील डर्बी जिंकली होती. महाराजांनी शिंगराला आपल्या आजोबांचे नाव दिले: सयाजीराव.

७/
१९४७ च्या डर्बीत सयाजीराव धावला. लोकांचा लाडका मात्र ट्यूडर मिन्स्ट्रेल होता. त्याने आधीची मोठी शर्यत आठ लांबींनी जिंकली होती. त्याचा भाव इतका खाली आला की सात रुपये लावावेत तेव्हा चार रुपये नफा मिळावा. निकाल: चाळीसास एक भावाचा पर्ल डायव्हर पहिला, सयाजीराव तिसरा, ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा.

८/
म्हणजे महाराजांची निवड फसली का? नाही. पुढे त्याच वर्षी सयाजीरावाने आयर्लंडची डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. निवड योग्य होती, पण तिला वेळ लागला. महाराजांपाशी वेळही होता आणि पैसाही. ही गोष्ट पुढील हिशेबासाठी महत्त्वाची आहे.

९/
आता टोट समजून घेऊ. टोटमध्ये सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. समजा, १०० रुपये जमले. त्यातून कर आणि क्लबाचा वाटा मिळून २० रुपये गेले. उरलेले ८० जिंकणाऱ्यांत वाटायचे. लाडक्या घोड्यावर ५० रुपये लागले असतील, तर तो जिंकल्यावर रुपयामागे हाती येणार १ रुपया ६० पैसे. निव्वळ मुद्दल सुटायचे तरी असा घोडा आठांपैकी पाच वेळा जिंकायला हवा.

१०/
दुसऱ्या घोड्यावर केवळ ४ रुपये लागले आहेत. तो जिंकला तर रुपयाचे वीस. वीस वेळांत एकदा जिंकला तरी मुद्दल सुटते. दहांत एकदा जिंकण्याची धमक असेल तर नफाच. म्हणून ‘कोण जिंकेल?’ हा खरा प्रश्नच नव्हे. लोकांनी कोणत्या घोड्याला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी लेखले आहे, हा खरा प्रश्न. पैजेत घोडे एकमेकांशी धावतात. माणूस मात्र इतर माणसांच्या मताविरुद्ध उभा असतो.

११/
याचे जगप्रसिद्ध उदाहरण अडथळ्यांच्या शर्यतीतले. लिव्हरपूलजवळच्या एंट्री येथील ग्रँड नॅशनल, एप्रिल १९६७. एकूण ४४ घोडे. तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार गमावलेला एक घोडा आडवा आला आणि मागचा जवळजवळ सगळा जथा एकमेकांवर आदळला. बराच मागे असलेल्या फॉइनाव्हनला फट सापडली. जॉन बकिंगहॅमने त्याला त्यातून काढले आणि तो जिंकला.

१२/
फॉइनाव्हनचा मालक आणि ट्रेनर त्या दिवशी मैदानावर हजरही नव्हते. बुकींकडे त्याचा भाव शंभरास एक होता. टोटने मात्र ४४४ ला एक दिला, कारण त्या गल्ल्यात त्याच्यावर पैसे लावणारे अत्यल्प होते. तो अडथळा आज त्या घोड्याच्या नावाने ओळखला जातो. आठवण राहते ती या एका वर्षाची. न लागलेल्या घोड्यांवर कोणी अडथळ्यांची नावे ठेवत नाही.

१३/
मग हे कौशल्य की नशीब? १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. १९६० च्या दशकात गिरणगावात फोफावलेला मटका आणि रेस यांत कायद्याने असा भेद आहे, आणि तो तर्काला धरून आहे.

१४/
तरीही कौशल्याचे फळ सरासरीने मिळते, आणि सरासरी दिसायला शेकडो शर्यती लागतात. वर सांगितलेला, दहांत एकदा जिंकणारा ‘नफ्याचा’ घोडाच घ्या. प्रत्येक वेळी तशीच अचूक निवड केली, तरी लागोपाठ वीस वेळा हरण्याची शक्यता सुमारे आठांत एक आहे. महाराजांना एकविसावी शर्यत होती. चाकरमान्याला तितका पगार नव्हता. त्याची निवड बरोबर असूनही शिरोड्याचा पोस्टमन रिकाम्या हाताने घरावरून पुढे जाऊ शकत होता.

१५/
मे महिन्यात तो गावी आला, तेव्हा दोन महिन्यांची मनीऑर्डर का चुकली, हे सांगणे भाग होते. मिठागरात आयुष्य घातलेल्या आजोबांना त्याने टोटचे गणित मातीत काडीने रेघा ओढून समजावले. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले:
“झिला, मिठातसुद्धा पयलो वाटो सरकाराचो आसायचो. तुझ्या ह्या रेशीत तो कोणाचो?”

१६/
प्रश्न शिरोड्याचाच होता. मिठागरातही अंदाज लागतो: भरतीचे पाणी केव्हा घ्यायचे, ऊन-वारा पाहून मीठ केव्हा ओढायचे. वळवाचा पाऊस अवेळी आला तर पिकलेले मीठ विरघळून जाते. कौशल्य आणि दैव दोन्ही तेथे आहेत. पण पीक साधले तरी प्रत्येक मणावर कर ठरलेला होता. गावाने १९३० मध्ये लाठ्या खाल्ल्या त्या या वाट्याविरुद्ध. मिठावरचा कर १९४७ मध्ये उठला.

१७/
टोटचा वाटा असाच. कोणताही घोडा जिंको, तो आधी कापला जातो. जाणकाराला आधी तो भरून काढावा लागतो, मग इतरांवर मात करावी लागते. रेसबुकातील कोणत्याही खुणेने हा वाटा टळत नाही. म्हाताऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण गणिताची ही पहिली ओळ त्याने अचूक पकडली होती.

१८/
चाकरमान्याने रेस सोडली नाही. अशा गोष्टींचा शेवट इतका सोयीचा नसतो. पुढच्या हंगामातही तो महालक्ष्मीला गेला, पेन्सिलीने खुणाही केल्या. फक्त क्रम बदलला. पगाराच्या दिवशी आधी पोस्टाची खिडकी, नंतर मैदान. उरेल तेवढ्याचाच घोडा. त्याने निवडलेले घोडे पूर्वीसारखेच कधी लागत, बहुधा लागत नसत. शिरोड्यात मात्र पोस्टमन दर महिन्याला अंगणात थांबू लागला.